बंद भात्याचं गाणं

टीव्हीवर कोळीगीत लागलं की मी होडीकडे बघत नाही, फेर धरणाऱ्या पोरींकडेही बघत नाही. मी आधी अकॉर्डियनवाला शोधते. तो असतोच. लोकसंगीताच्या कार्यक्रमात त्याची जागा ठरलेली: थर्माकोलच्या होडीला टेकून, एक पाय पुढे, मान जरा तिरकी, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू मासळी यानेच पकडून आणली आहे. छातीवर लालभडक, चकाकणारी पेटी. दोन कडव्यांच्या मधली जागा आली की कॅमेरा धावत त्याच्याकडे जातो, मग भले त्या जागेत बासरी वाजत असो. मी पुढे सरकून त्याचा भाता बघते. उघडमीट होतेय का? आवाजाबरोबर होतेय का? दहातल्या आठ वेळा होत नसते. मग माझं डोकं सटकतं. माझी लेक म्हणते, "ममा, इट्स जस्ट टीव्ही. रिलॅक्स." रिलॅक्स म्हणे. तिला ही सगळी हकीकत मी तुकड्यातुकड्यांत सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी मधेच तिचा फोन वाजलाय. म्हणून एकदा नीट बसून लिहून काढते.

आम्ही तेव्हा आखातात, फुजैराला राहायचो. अब्बा बंदरावर होते, तेल भरायला येणाऱ्या जहाजांना लागणारा माल पोचवायच्या कामावर. दोरखंड, कांदे, साबण, बकऱ्याचं मटण, जे लागेल ते. घर तिसऱ्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि पुढच्या खिडकीतून समुद्राची एवढीशी पट्टी, त्यावर रांगेने उभी जहाजं. आमच्या रत्नागिरीकडच्या गावातसुद्धा घरातून समुद्र दिसायचा, त्यामुळे अम्मीला ही जागा लगेच मानवली. फक्त इथल्या वाऱ्याला मासळीऐवजी डिझेलचा वास, एवढी तिची तक्रार. शुक्रवारी अब्बा मासळीबाजारातून सुरमई आणायचे, अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि तवा उतरवायच्या आधी मला हाक मारून म्हणायची, "एसी बंद कर गो." एसी बंद झाला की समजायचं, आता बाजा निघणार.

आमच्या घरात त्याला अकॉर्डियन कोणी म्हणत नसे. बाजा. माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, जहाजावर खलाशी होते. इटलीच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी तो घेतला आणि बोटीवरच्या एका गोव्याच्या स्वयंपाक्याकडून वाजवायला शिकले. रजेवर गावी आले की लग्नाच्या घरांतून त्यांना बोलावणं यायचं. मुलांपैकी कोणाला त्यात रस नव्हता. अम्मी मात्र नानांच्या पुढ्यात बसून त्यांची बोटं बघत राहायची. बाजा तिच्या अंगापेक्षा मोठा होता, तेव्हा नाना भाता ओढायचे आणि ती पट्ट्या दाबायची. पुढे नानांच्या खांद्याने दगा दिला आणि बाजा तिच्याकडेच आला. मेंदीच्या दिवशी बायकांच्या बैठकीत ती वाजवायची. लाजऱ्यातल्या लाजऱ्या म्हाताऱ्या उठून हात वर करून गोल फिरायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नाक मुरडणारेही होते. तिच्या लग्नात एका चुलत सासऱ्यांनी अब्बांना विचारलं, "बायको आणलीस की बँडवाला?" अब्बा म्हणाले, "दोन्ही." हे उत्तर अम्मीने त्यांना जन्मभर पुरवून वापरलं. ते चुकले की ती फक्त म्हणायची, "आठवतंय ना काय म्हणालात?"

एसी बंद करायचं कारण म्हणजे आमच्या खिडकीतला तो जुना एसी एकाच सुरात घुं करत बसायचा, आणि तो सूर अम्मीच्या कुठल्याच सुराशी जमत नसे. ती म्हणायची, "हा मेला बेसूर गातो, याच्यासोबत मी नाही बसत." पण फार वेळ बंद ठेवूनही चालत नसे. बाज्याच्या आतल्या सुरांच्या पातळ पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडून त्या हलतात. म्हणजे वाजवायला शांतता हवी आणि जगवायला थंडावा. या ओढाताणीत आम्ही घामाने निथळत बसायचो आणि ती एक गाणं, फार तर दीड गाणं वाजवायची. मग दोन्ही बाजूंनी भाता दाबून बंद करायची, वरचा आणि खालचा चामड्याचा पट्टा ओढून त्यांची टिचबटणं लावायची, टिच टिच, आणि तो आवाज झाला की माझा धाकटा भाऊ एसीकडे धावायचा. भाता उघडा ठेवून बाजा खाली ठेवलेला मी कधी पाहिला नाही. ती चहाचा घोट घ्यायला थांबली तरी बटणं लावायची. नानांनी तशी सवयच लावली होती, जहाज हलतं म्हणून. फुजैरातली बिल्डिंग हलत नव्हती, पण सवय ती सवय.

संध्याकाळी टीव्हीवर अरबी लोकसंगीताचा कार्यक्रम लागायचा. पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यातले वादक ओळीने बसलेले, आणि त्यांच्यात एक अकॉर्डियनवाला, बहुतेक इजिप्तचा, गोल पोटाचा, डोळे मिटून वाजवणारा. हसतबिसत नसे. अम्मी हातातलं निवडणं बाजूला ठेवून त्याच्या भात्याकडे बघायची. "बघ, कसा श्वास घेतो," म्हणायची. त्याच्या बाज्यात आपल्याकडे नसलेले मधले सूर होते, ते ती तोंडाने शोधायची आणि सापडले नाहीत की चिडायची. मला तेव्हा ते संगीत रडकं वाटायचं. मी शाळेत इंग्रजी गाणी ऐकणारी, घरी बाजा वाजतो हे मैत्रिणींना सांगताना जरा आडून आडून सांगणारी. पण एक गोष्ट मी त्या माणसाकडून शिकले: वाजवणाऱ्याकडे बघितलं की कळतं, आवाज याचाच आहे.

मग आमच्या घरी वैद्यकाका आले. दुबईतल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. भला माणूस, असं मी अनेक वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. फुजैरातल्या एका गणपतीला बायकांच्या आग्रहावरून अम्मीने बाजा वाजवला होता, ते ऐकून ते वेडे झाले होते. मुंबईहून एक मराठी चॅनेल येतंय, म्हणाले, आखातातल्या मराठी लोकांचं लोकसंगीत दाखवणार, आणि पहिलं गाणं कोळीगीत. "वहिनी, बाजा तुमचाच हवा. तुमच्यासारखं अख्ख्या यूएईत कोणी वाजवत नाही. आणि टीव्हीवर दिसाल हो! गावाकडचे लोक बघतील!" अब्बांनी अम्मीकडे बघितलं. अम्मीने हातातली सुरी खाली ठेवली. "डोक्यावरचं मी काढणार नाही," ती म्हणाली. वैद्यकाका हसले. "काढायला कोण सांगतंय? आपलेच लोक आहेत. काळजी सोडा." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

त्याच दिवशी तिने गावाला फोन लावला. नानीच्या घरी डिश नव्हती, शेजारच्या घरी होती. नानीने निरोप अख्ख्या मोहल्ल्यात फिरवला, माझी हमीदा टीव्हीवर येणार. नाना तोवर गेलेले. नानी म्हणाली, "त्यांचा बाजा दिसेल ना गो नीट?" अम्मी म्हणाली, "बाजा पण दिसेल, मी पण दिसेन." मग तिने बाटलीहिरव्या रंगाची रेशमी साडी काढली, पूर्ण बाह्यांचा नवा ब्लाउज शिवून घेतला, आणि डोक्यावर बांधायला त्याच रंगाचा ओढणीचा तुकडा शोधत आम्हाला शारजाच्या कापडबाजारात पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरवलं. हिरव्यात हिरवा कधी जुळत नाही. शेवटी सापडला तेव्हा तिने दुकानदाराला दुवा दिली.

टीव्हीवाल्यांची पद्धत अशी की आधी आवाज, नंतर चित्र. आधी गाणं रेकॉर्ड करायचं, आणि मग ते लावून त्यावर सगळ्यांनी वाजवल्याचं, गायल्याचं सोंग करायचं. मला हे तेव्हा प्रथमच कळलं आणि फसवल्यासारखं वाटलं, पण अम्मी म्हणाली, काम असंच होत असेल. दुबईतल्या रास अल खोरला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामांमागे, एका खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ केला होता. शाजी नावाचा केरळी रेकॉर्डिस्ट होता, शांत. अम्मीने बसल्याबरोबर वर बोट दाखवलं, "एसी." शाजीने एसी बंद केला. तिने बटणं काढली, टिच टिच, आणि वाजवलं. कडव्यांच्या मधल्या जागेत तिने आमच्याकडे नवरी सासरी निघताना बायका म्हणतात त्या गाण्याची चाल घातली. कोळ्यांचा त्या चालीशी काही संबंध नाही. चॅनेलचा निखिल नावाचा प्रोड्यूसर काचेपलीकडे उडीच मारायची बाकी होता. "धिस इज इट! हेच फोक! एकदम मातीचा वास!" अम्मी मला हळूच म्हणाली, "मातीचा कसला, समुद्राचा." ती खूश होती. येताना आम्ही रस्त्यात तिथला दाट दुधाचा करक चहा प्यायलो आणि अब्बांनी तिला विचारलं, आता सही देशील ना आम्हाला.

शूटिंगच्या दिवशी तेच रास अल खोर, पण दुसरं गोदाम. आत कोकण उभं केलं होतं. प्लॅस्टिकचे माड, निळ्या कापडाचा समुद्र, थर्माकोलची होडी, सुकत घातलेली खोटी मासळी. माझा भाऊ म्हणाला, "व्हाय इज द फिश पिंक?" आम्ही तिघं खरे कोकणातले त्या खोट्या कोकणाच्या दारात उभे होतो आणि अम्मी हिरव्या साडीत, बाजा उराशी धरून. गाडीत तो कधी डिकीत जात नसे. मांडीवर, एसीच्या झोताखाली. निखिलने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वैद्यकाकांना बाजूला नेलं. दोघं कुजबुजले. मग वैद्यकाका आले, हात चोळत.

"वहिनी, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय. लूक."

"कसला लूक?"

निखिल पुढे आला. "मॅडम, तुम्ही खूप ग्रेसफुल दिसताय, डोन्ट गेट मी राँग. पण कॉन्सेप्ट कोळीवाडा आहे. प्रॉपर नऊवारी, अंबाड्यात फूल, तसा लूक. हे डोक्यावरचं... ऑडियन्स कन्फ्यूज होईल ना. फोक आहे शेवटी."

"नऊवारी नेसते," अम्मी म्हणाली. "कोकणातली आहे मी, नऊवारीचं काय एवढं. डोकं झाकलेलं राहील."

"तोच तर इश्यू आहे."

"मी वैद्यभावजींना आधीच बोलले होते."

वैद्यकाका प्लॅस्टिकच्या माडाकडे बघत होते. फार निरखून बघत होते. निखिलने लांब उभ्या एका मुलाला हाक मारली. रोहन, मंडळाचा उत्साही कार्यकर्ता, दुबईत बँकेत कामाला, दिसायला देखणा. त्याला लाल टोपी आणि चौकड्यांचा रुमाल अगोदरच घातलेला होता. अगोदरच! म्हणजे अम्मी घरून निघायच्या आधी हे ठरलेलं होतं. मी आता हे लिहिताना पेन दाबून धरलंय, कागद फाटेल. "आवाज तुमचाच राहील मॅडम, तो तर सोनं आहे," निखिल म्हणाला. "फक्त स्क्रीनवर रोहन. आणि अकॉर्डियन मात्र हाच पाहिजे, प्लीज. हा रेड कॅमेऱ्यात काय पॉप होतो!"

मी किंचाळले. इंग्रजीत, कारण भांडायला मला तीच भाषा पटकन यायची. "दॅट्स चीटिंग! शी प्लेड इट! यू काण्ट जस्ट पुट सम गाय!" सगळं गोदाम आमच्याकडे बघायला लागलं. निखिल "बेटा, बेटा" करू लागला. आणि अब्बा, ज्यांनी एकदा "दोन्ही" म्हटलं होतं, ते माझं मनगट धरून म्हणाले, "गप. आपलेच लोक आहेत. इथे तमाशा नको." मग अम्मीकडे वळून, खाली बघत, "देऊन टाक हमीदा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." अब्बांवर मी पुष्कळ प्रेम केलं, शेवटच्या आजारात त्यांचे पाय चेपले, पण ते "देऊन टाक" मला आजही गिळता येत नाही. मला आज कळतं तेवढं तेव्हा शब्दांत सांगता आलं नव्हतं, म्हणून आता सांगते. इटलीत बनलेला बाजा त्यांना लोकसंगीतात चालत होता. बँकेतला पोरगा चालत होता. गुलाबी मासळी चालत होती. फक्त रत्नागिरीची बाई चालत नव्हती.

अम्मीने बाजा दिला. रोहन बिचारा ओशाळला होता. "आंटी, हे कसं धरायचं?" त्याने विचारलं. तिने त्याच्या खांद्यावर पट्टे चढवले, आखूड केले, त्याचा उजवा हात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवून दिला, डावा हात आत सरकवून दिला, मुलाला दप्तर अडकवावं तसं. मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात अब्बांनी मला आणि भावाला बाहेर गाडीत नेऊन बसवलं. आतलं शूटिंग मी पाहिलं नाही. दार किलकिलं व्हायचं तेव्हा एवढंच दिसायचं की दोन टेकच्या मधे हिरवी साडी लगबगीने दिव्यांच्या उजेडात जाते, रोहनच्या गळ्यातला बाजा काढते, आणि एसीच्या झोतासमोर घेऊन उभी राहते. मेण वितळू नये म्हणून. टेक सुरू झाला की पुन्हा नेऊन अडकवते. तिच्या नव्या साडीला त्या दिवशी तेवढंच काम होतं.

गाणं टीव्हीवर लागलं त्या दिवशी आमच्या घरी शेजारपाजार जमला होता, कारण निरोप आधीच गेलेले आणि ते परत घ्यायला अम्मी तयार नव्हती. तिने भजी तळली, चहा केला. गाणं सुरू झालं. आवाज आला, तिचाच, एकेक श्वास ओळखीचा. भाता उलटा फिरताना ती किंचित थांबते ते थांबणंसुद्धा आलं. मधली जागा आली आणि कॅमेरा रोहनवर गेला. तो झकास हसत होता, कमरेतून डुलत होता, आख्खा बाजा डावीकडून उजवीकडे झोकत होता. आणि मला दिसलं. भात्याचे दोन्ही पट्टे लागलेले होते. वरचं टिचबटण, खालचं टिचबटण. बाजा पेटीसारखा बंद, आणि त्यातून समुद्र वाहत होता.

"अम्मी," मी तिच्या कानाशी लागले, "बटणं!"

"पाहिलं."

"तू सांगितलं नाहीस त्याला, काढायची असतात म्हणून?"

"त्याने विचारलं कुठे?" ती म्हणाली आणि शेजारणीच्या ताटलीत भजी वाढली. प्रोड्यूसरने नाही, कॅमेरावाल्याने नाही, मंडळातल्या कोणी नाही, एवढ्या माणसांपैकी एकानेही बघितलं नव्हतं. आमच्या घरातही सगळे टाळ्या वाजवत होते आणि विचारत होते, तू कधी येणार, पुढच्या गाण्यात का? ती क्लिप आता इंटरनेटवर आहे. खाली लोकांनी लिहिलंय, काय जीव ओतून वाजवतोय दादा. मी वर्षातून एकदोनदा तिथे जाते, वाचते, आणि लाल होऊन परत येते.

टाळ्या संपत नाहीत तोच फोन वाजला. नानी. ती बहिरट झाल्यामुळे ओरडून बोलायची, त्यामुळे पलीकडचा शब्द न् शब्द खोलीत ऐकू आला. "हमीदा! शेवटपर्यंत बसले गो मी, नाव येईपर्यंत बसले. बाजा तुझ्या बापाचा. वाजवणारी तू. मग तो मेला कोण?" अम्मीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मागे होते मी," ती म्हणाली. "गर्दीत दिसले नसेन." "मागे कशाला?" नानीने विचारलं. अब्बा उठून गॅलरीत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत आत आले नाहीत.

यानंतर आमच्या घरात एसी बंद झाला नाही. कितीतरी शुक्रवार. सुरमई यायची, भाकऱ्या व्हायच्या, आणि तो मेला बेसूर एसी घुं करत राहायचा. बाजा कपाटावर, बटणं लावलेला.

आणि मग वैद्यकाका मिठाईचा पुडा घेऊन दारात! कार्यक्रम फार गाजला होता. दुसरं गाणं करायचं होतं, पुन्हा तीच पद्धत. "वहिनी, तुमच्या बाज्याची सगळे विचारणा करतायत. त्या दिवशी जे झालं ते जरा... पण आता आपली टीम जमली आहे. रोहनपण तयार आहे." रोहनपण तयार आहे! मला वाटलं, अम्मी पुडा त्यांच्या टकलावर मारेल. ती म्हणाली, "येते. कधी यायचं?" त्या रात्रीपासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. त्याआधी मी तिला तोंडावर म्हटलं की तुला लाज नाही. ती कणीक मळत होती. "यल्ला, हात धू, जेवायला बस," एवढंच म्हणाली. जाताना मी गाडीत बसले ते फक्त भांडायची संधी मिळेल म्हणून.

तीच अंड्यांच्या ट्रेची खोली, तोच शाजी. काचेपलीकडे निखिल, वैद्यकाका आणि आम्ही. या वेळी अम्मी घरातल्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होती. तिने बाजा मांडीवर घेतला, पट्टे खांद्यावर चढवले, ओढणी नीट केली. शाजीने एसी बंद करायला हात नेला तर ती म्हणाली, "राहू दे." मला तेव्हाच चमकायला हवं होतं. लाल दिवा लागला. तिच्या कानातल्या हेडफोनवर ढोलकी सुरू झाली. अम्मीने मान हलवत ताल घेतला आणि वाजवायला लागली.

आवाज आला नाही. शाजीने एक खटका वर केला, मग दुसरा. निखिलने त्याच्याकडे बघितलं. "मॅडमचं काहीच येत नाहीये." शाजी म्हणाला, "माइक ठीक है. सिग्नल नहीं आ रहा." आतमध्ये अम्मीची बोटं पट्ट्यांवरून पळत होती, हरकती घेत होती, डाव्या हाताची बोटं काळ्या बटणांवर चढत-उतरत होती. काचेपलीकडच्या स्पीकरमधून फक्त पट्ट्यांची टकटक येत होती, कोरडी, कोणी दातांवर दात आपटावे तशी. ती थांबली नाही. पहिलं कडवं, मधली जागा, दुसरं कडवं. मधल्या जागेत तिने तीच नवरीची चाल वाजवली, बोटांवरून मला कळली. तिथे ती हसायला लागली, आणि कमरेतून डुलायला लागली, आख्खा बाजा डावीकडून उजवीकडे झोकत, अगदी रोहनसारखी. माझ्या शेजारी अब्बांनी दीर्घ श्वास घेतला. वैद्यकाकांनी मान खाली घातली ती वर केली नाही. गाणं शेवटपर्यंत वाजवून तिने हात काढले आणि काचेतून आमच्याकडे बघितलं, टेक कसा झाला विचारावं तसं.

निखिल दार ढकलून आत गेला. "मॅडम, मॅडम, तुम्ही ते... भाता खोलायलाच विसरलात. ते बटण लागलेलं आहे बघा."

"त्या दिवशीपण लागलेलंच होतं," अम्मी म्हणाली. "तुम्हाला चाललं. सगळ्या जगाने बघितलं, माझ्या आईने बघितलं. तेव्हा आवाज आला ना? मग आजपण येईल. रोहनला उभा करा."

"मॅडम, असं काय करता, तो फक्त व्हिज्युअलचा..."

"मी तेच वाजवलं. तुमचं व्हिज्युअल." आता तिचा आवाज चढला होता, अम्मीला इतक्या मोठ्याने बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "दिसायचं दुसऱ्याने आणि श्वास माझा? माझ्या बापाचा बाजा आहे हा, तुमच्या होडीची शोभा नाही. मी दिसणार नसेन तर हा पण वाजणार नाही. खलास."

वैद्यकाका "वहिनी, ऐका तरी" म्हणत दारात आले. त्यांना वाट द्यायच्या ऐवजी अब्बा मधे उभे राहिले. रुंद माणूस, दार भरून गेलं. "त्या बोलल्या ना, खलास," अब्बा म्हणाले. त्यांनी आत जाऊन बाजा पेटीत ठेवला, पेटी उचलली आणि चालू लागले. शाजी आम्हाला सोडायला गाडीपर्यंत आला आणि दार लावून गेला.

मला वाटलं होतं आता माझा राग जाईल. गेला नाही. कार्यक्रम चालू राहिला. पुढच्या गाण्यात कीबोर्डमधला अकॉर्डियनचा आवाज घातला आणि रोहनच्या गळ्यात भाड्याचा काळा बाजा, त्याचाही भाता बंद. कोणाला फरक कळला नाही. अम्मी टीव्हीवर कधीच दिसली नाही. नानी तिला न बघताच गेली. हे सगळं माझ्या हिशेबी तसंच उभं आहे, आणि मला कोणी रिलॅक्स सांगू नये.

पण त्या दिवशी परत येताना, शहर मागे पडून डोंगर सुरू झाले तेव्हा, मागच्या सीटवर माझ्या शेजारी अम्मीने पेटी उघडली. बाजा मांडीवर घेतला. त्या एवढ्याशा जागेत तिचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं. टिच, टिच. तिने भाता जरासा उघडला, तो श्वास घेऊन थांबली आणि पुढे बघत राहिली. बाहेर ऊन रणरणत होतं, काचेला हात लावता येत नव्हता. अब्बांनी आरशात तिच्याकडे बघितलं, आणि हात पुढे करून एसी बंद केला.